पोर्ट उघडे, सेवा मात्र अडकलेली
सांगलीतील एका हळद अडत पेढीची पट्ट्या (मालाच्या विक्रीचे हिशेब) करणारी संगणकीय सेवा तीन सर्व्हरवर चालते. ऐन सौद्यांच्या वेळी काही पट्ट्या अडकत, तरी कॉन्सुल या सेवांवर नजर ठेवणाऱ्या प्रणालीच्या पडद्यावर तिन्ही सर्व्हर हिरवेच दिसत. तपासणी टीसीपीची होती, म्हणजे सर्व्हरच्या पोर्टशी (जोडणीच्या दाराशी) जोडणी होते का एवढेच पाहणारी. पोर्ट उघडे मिळाले की सेवा ठणठणीत, मग आत डेटाबेसच्या जोडण्या संपलेल्या का असेनात. म्हणून मी एचटीटीपी तपासणी (वेबच्या पद्धतीने सेवेलाच विनंती पाठवून उत्तराचा क्रमांक पाहणारी) लावली, जिच्यात सेवा डेटाबेसला छोटी क्वेरी विचारून मगच 200 (ठीक) असे उत्तर देते, अन्यथा 503 (सेवा उपलब्ध नाही). कॉन्सुल 200 ते 299 उत्तरांना निरोगी, 429 ला इशारा आणि बाकी सर्वांना गंभीर मानते व गंभीर सेवेचा पत्ता डीएनएसच्या (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या) उत्तरातून वगळते. डेटाबेसच बसला तर तिन्ही सर्व्हर एकदम वगळले जातील, परंतु तेव्हा पट्टी तशीही होणार नाही.