बीम प्रोफायलरचं सॉफ्टवेअर: आधी बॅकग्राउंड, मग रंग

बीम प्रोफायलर म्हणजे लेझरच्या झोताची (बीमची) रुंदी आणि आकार कॅमेऱ्याने मोजणारं यंत्र. ऑप्टिक्स लॅबमध्ये अशा कॅमेऱ्यांसाठी कोड लिहिणं हे माझं रोजचं काम. नवीन पोरं आली की पहिल्याच आठवड्यात रंगीत थ्री-डी डोंगर काढून दाखवतात. दिसतो झकास, पण बीमची रुंदी विचारा, आकडा भलताच. म्हणून बटणं-खिडक्या नंतर.

कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो गेन बंद, गॅमा १ (म्हणजे आकडा उजेडाच्या सरळ प्रमाणात), फॉरमॅट मोनो१२ (१२ बिटांचं कृष्णधवल चित्र, आकडे ० ते ४०९५). एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावून सर्वांत उजळ पिक्सेल ४०९५ च्या ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा. चित्रात पट्टे दिसले तर कोड उकरत बसू नका, आधी सेन्सरवरची काच बघा, तिच्यातल्या परावर्तनांमुळेही पट्टे पडतात.

खरी गोम पुढे आहे. आयएसओ १११४६ या मानकातली डी४सिग्मा रुंदी (उजेडाच्या पसरणीच्या प्रमाण विचलनाची चौपट) काढताना प्रत्येक पिक्सेलच्या उजेडाला केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणतात, त्यामुळे कडेचे फालतू पिक्सेलच दादागिरी करतात. हिशेब करा: २४४८ × २०४८ चा सेन्सर, मधोमध २०० पिक्सेल रुंदीचा गॉसियन (मध्ये उजळ, कडेकडे मंदावत जाणारा) बीम, शिखर ३००० काउंट (काउंट म्हणजे पिक्सेलने दिलेला आकडा). बॅकग्राउंड (बीम नसतानाही पिक्सेल दाखवतो तो आकडा) वजा करूनही पिक्सेलमागे एकच काउंट उरला, तर आडवी रुंदी जवळजवळ ९०० पिक्सेल येते!

बीम अडवून, त्याच एक्स्पोजरला बऱ्याच फ्रेम घ्या आणि त्यांची सरासरी वजा करा. त्याआधी अ‍ॅरे फ्लोटमध्ये न्या. नाहीतर १६ बिटांच्या बिनचिन्ही पूर्णांकात २ मधून ३ गेले की ६५५३५ उरतात. उणे आकडे शून्य करायचा मोह आवरा. नॉइज अडीच काउंटचा असेल, तर उणे छाटल्यावर सरासरी एक काउंट उरतोच. म्हणजे परत ९००.

मग रुंदीच्या तिप्पट चौकट केंद्रावर ठेवून, आकडा स्थिरावेपर्यंत पुन्हा पुन्हा मोजा. सुरुवात मात्र पूर्ण फ्रेमपासून नको: ९०० ची तिप्पट सेन्सरबाहेर जाते आणि लूप तिथेच अडकतं. शिखराच्या १३.५ टक्क्यांवरच्या पिक्सेलांवरून पहिली चौकट धरा. तो एक काउंट उरलेला असला तरी उत्तर २१० च्या आसपास येतं. पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा असेल तर त्याने गुणा.

आता खिडकी. कॅमेरा वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यावर), मधली रांग एकाच फ्रेमची, जुनी फ्रेम खुशाल टाकून द्या. रंग ८ बिटांच्या प्रतीवर, मोजमाप कच्च्या डेटावर. सॅच्युरेशन झालं (पिक्सेल ४०९५ ला टेकले) तर आकडा लाल करू नका, सरळ लपवा. लाल आकडेही लोक वहीत उतरवतात.