जर्मनीतील खालच्या श्रेणीच्या क्लबचा इतिहास कसा मांडावा

जर्मन फुटबॉलच्या चौथ्या-पाचव्या श्रेणीत खेळणाऱ्या क्लबचा इतिहास लिहायचा असेल, तर प्रथम त्याच्या नावांची वंशावळ तयार करावी. जमिनीचा व्यवहार करताना आपण जुने फेरफार काढून पाहतो, तसेच हे काम आहे. लाइपझिग शहरातील लोकोमोटिव्ह लाइपझिग या क्लबवर हात बसवला, तर पुढचे कोणतेही उदाहरण सोपे जाईल, कारण जर्मन इतिहासातील जवळजवळ प्रत्येक उलथापालथ या एका क्लबच्या नावावर उमटलेली आहे.

आरंभ 1896 च्या व्हीएफबी लाइपझिगपासून, म्हणजे या क्लबच्या पूर्वजापासून करावा. 31 मे 1903 रोजी हॅम्बुर्गजवळच्या आल्टोना येथे या संघाने प्रागमधील जर्मन लोकांच्या डीएफसी प्राग संघाला 7-2 असे हरवून जर्मनीचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. असा सामना केवळ निकाल देऊन सोडू नये. प्रागचा संघ अंतिम फेरीत पोहोचला तो त्याआधी एकही सामना न खेळता, कारण उपांत्य सामना पुढे ढकलल्याची खोटी तार कार्लस्रूहच्या संघाला मिळाली आणि तो संघ आलाच नाही. अंतिम सामन्याच्या दिवशी खेळण्याजोगा चेंडू मिळेपर्यंत दोन्ही संघांना ताटकळावे लागले. त्या काळचे फुटबॉल किती कच्च्या पायावर उभे होते, हे या दोन तपशिलांतून जितके कळते तितके विजेत्यांच्या यादीतून कळत नाही. व्हीएफबीने 1906 आणि 1913 मध्येही विजेतेपद मिळवले, तर 1936 च्या स्पर्धेत शाल्के संघाला 2-1 असे हरवून जर्मन चषक जिंकला.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी जुन्या क्रीडासंस्था विसर्जित केल्या. येथून पुढे फार जपून चालावे. व्हीएफबीचे मैदान असलेल्या प्रोब्स्टहायडा या उपनगरातील खेळाडू 1946 पासून निरनिराळ्या नावांनी खेळत राहिले. 1954 मध्ये रोटेशन, 1963 मध्ये एससी लाइपझिग आणि 20 जानेवारी 1966 रोजी लोकोमोटिव्ह असा तो प्रवास आहे. पूर्व जर्मनीत संघाच्या नावावरून त्याचा पोशिंदा ओळखता येतो: लोकोमोटिव्ह म्हणजे रेल्वे, डायनामो म्हणजे पोलीस व गुप्तहेर खाते, फोरवेर्ट्स म्हणजे सैन्य, केमी म्हणजे रसायन उद्योग.

मात्र नावाचे साम्य पाहून वारसा जोडू नये. 1957 चा पूर्व जर्मन चषक एससी लोकोमोटिव्ह लाइपझिगने जिंकला, पण तो संघ वेगळ्या परंपरेतला, शहरातील प्रतिस्पर्धी केमी लाइपझिगच्या बाजूचा आहे. 1963 मध्ये लोकोमोटिव्ह आणि रोटेशन यांतील निवडक खेळाडू एससी लाइपझिगमध्ये घेतले गेले, उरलेले केमीकडे गेले, आणि त्या उरलेल्यांनीच 1964 चे विजेतेपद पटकावले. म्हणून आजच्या लोकोमोटिव्हच्या खात्यावर 1976, 1981, 1986 आणि 1987 हे चारच चषक लिहावेत. माझ्या मते नवशिक्या लेखकाची खरी कसोटी याच ठिकाणी लागते.

1987 च्या वसंताला मात्र भरपूर जागा द्यावी. युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेत बोर्दोविरुद्धचा उपांत्य सामना पेनल्टींवर गेला, तेव्हा गोलरक्षक रेने म्युलर यांनी स्वतः पुढे येऊन निर्णायक पेनल्टी मारली आणि संघाला अंतिम फेरीत नेले. अथेन्समध्ये आयाक्सविरुद्ध मार्को फान बास्टेन यांच्या एकमेव गोलने लाइपझिगचा पराभव झाला.

श्रेणींची नावे वाचताना वर्ष पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये. ‘ओबरलीगा’ ही पूर्व जर्मनीची सर्वोच्च श्रेणी होती. आज तेच नाव पाचव्या श्रेणीचे आहे. ‘रेगिओनाललीगा’ 1963 ते 1974 या काळात पश्चिम जर्मनीत दुसरी होती, 1994 पासून तिसरी झाली आणि 2008 मध्ये नवी तिसरी लीगा सुरू झाल्यावर चौथी ठरली. प्रत्येक हंगामापुढे श्रेणीचा क्रमांक अंकात लिहिण्याची सवय ठेवावी.

साधनांसाठी लाइपझिगमधीलच जर्मन राष्ट्रीय ग्रंथालयापासून सुरुवात करावी; 1913 पासूनची जर्मन प्रकाशने तेथे जतन केली जातात. जुनी वृत्तपत्रे फ्राकटुर या वळणदार अक्षरांत छापलेली आहेत. त्यातील लांब ‘एस’ जवळजवळ ‘एफ’सारखा दिसतो, त्यामुळे खेळाडूंची आडनावे उतरवून घेताना दोनदा तपासावीत.

एकीकरणानंतरचा भाग आर्थिक आहे. 1991 मध्ये क्लबने व्हीएफबी हे जुने नाव परत घेतले, 1993-94 चा एकच हंगाम बुंडेसलीगात, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत, काढला आणि पुढे तो दिवाळखोरीत बुडाला. 10 डिसेंबर 2003 रोजी चाहत्यांनी लोकोमोटिव्ह पुन्हा उभा केला, आणि 2004 मध्ये त्याने थेट अकराव्या श्रेणीतून खेळायला सुरुवात केली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एका गावच्या क्लबच्या दुय्यम संघाविरुद्धचा सामना पाहायला 12,421 प्रेक्षक आले. हा आकडा लिहिताना शेजारी श्रेणी अवश्य लिहावी, कारण अकराव्या श्रेणीला अशी गर्दी होणे हीच त्या दिवसाची घटना आहे.

शेवटच्या प्रकरणात 2020 आणि 2025 हे हंगाम घ्यावेत. दोन्ही वेळा संघ आपल्या रेगिओनाललीगात पहिला आला. पण अशा लीगा पाच आणि वर जाण्याच्या जागा चार असल्यामुळे त्याला वरच्या श्रेणीत जाण्यासाठी दुसऱ्या लीगाच्या विजेत्याशी निवड सामने खेळावे लागले. 2020 मध्ये फेर्लविरुद्ध 2-2 आणि 1-1 अशा बरोबरीनंतर परक्या मैदानावर जास्त गोल करणाऱ्या संघाला पुढे नेणाऱ्या नियमाने तो मागे राहिला, आणि 2025 मध्ये हाव्हेल्झेने त्याला रोखले.