उतरलेली खिडकी बदलण्यापूर्वी
जुन्या खिडक्यांच्या जागी बिजागरीवर बाहेर उघडणाऱ्या नव्या खिडक्या बसवल्यावर पहिली काही वर्षे त्यांच्याकडे पाहावेही लागले नाही. पुढे मात्र सर्वांत रुंद, म्हणजेच सर्वांत जड झडप किंचित खाली उतरून चौकटीला घासू लागली. अशा वेळी झडप व चौकट यांच्यामध्ये कागदाची पट्टी धरून खिडकी बंद करावी आणि पट्टी ओढून पाहावी. ती सहज निसटली, तर तेथील फट बंद करणारे कडेचे रबर नीट दाबले जात नाही, असे समजावे. बहुधा बिजागरीचे स्क्रू आवळण्यानेच काम भागते. चौकटीच्या तळाशी असलेली पाणी निघण्याची भोके काडीने मोकळी ठेवावीत. मी ती फट समजून सिलिकॉनने बुजवली होती, आणि पहिल्याच पावसात पाणी आत आले.