आठवी ते बारावीच्या मुलांसाठी विज्ञान-आरोग्याचं पुस्तक कसं निवडावं

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या वाचनालयासाठी मी तेरा वर्षं पुस्तकं आणते आहे. वाचनालय म्हणजे क्लबहाऊसमधली दोन लोखंडी कपाटं, गणपतीच्या वर्गणीतून उरलेले पैसे आणि शनिवारची संध्याकाळ. कथा-कादंबरीची निवड चुकली तर मूल कंटाळतं, फार काही बिघडत नाही. विज्ञानाचं, त्यातही आरोग्याचं पुस्तक चुकलं तर मूल ते खरं मानून बसतं आणि कुणाला विचारतही नाही.

तरी सल्ले तेच. वयोगट बघा, रंगीत चित्रं बघा, बक्षीस मिळालंय का बघा. वयोगट प्रकाशक आपल्या सोयीनं छापतो. रंगीत चित्रांचं म्हणाल, तर मी पाहिलेली सगळ्यात चुकीची पुस्तकं सगळ्यात गुळगुळीत कागदावर होती.

१. मुलाला विचारा

‘कोणतं पुस्तक हवं?’ असं विचारू नका, खांदे उडवले जातात. ‘गेल्या आठवड्यात मोबाइलवर काय शोधलंस?’ असं विचारा. कृष्णविवर, उंची वाढवणं, पिंपल्स, प्रोटीन पावडर अशी उत्तरं येतात. तीच तुमची यादी.

२. दुकानात जा

अप्पा बळवंत चौकात जा, पण जूनमध्ये नको. तेव्हा तिथे वह्या आणि गाइडांची झुंबड असते, पुस्तक उघडून उभं राहायलाही जागा मिळत नाही. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो, तिथे एका दुपारी वीस प्रकाशकांची पानं चाळून होतात. ऑनलाइन मागवू नका. तिथे सुरुवातीची पानं दाखवतात आणि सुरुवातीची पानं सगळ्यांचीच चांगली असतात. पैसे नसतील तर अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठीतली विज्ञानाची पुस्तकं फुकट आहेत. ती आधी संपवा.

३. शीर्षकाच्या मागचं पान वाचा

इथे साल असतं. पण नुसतं साल बघून फसू नका. पुनर्मुद्रण म्हणजे तीच पानं पुन्हा छापली. सुधारित आवृत्ती म्हणजे कुणीतरी बसून मजकूर नव्यानं तपासला. आपल्याकडे बरेच प्रकाशक पुनर्मुद्रणालाच ‘आवृत्ती’ म्हणतात, त्यामुळे ‘सहावी आवृत्ती’ हे शब्द काहीच सांगत नाहीत. ‘सुधारित’ हा शब्द शोधा. तो नसेल तर पहिल्या आवृत्तीचं साल हेच पुस्तकाचं खरं वय.

४. विज्ञानाचं पुस्तक तीन जागी उघडा

प्लुटो बघू नका. तो २००६ साली ग्रहांच्या यादीतून गेला हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. तेवढी एक ओळ बदलून बाकी पुस्तक जुनंच ठेवणारे खूप आहेत. त्यापेक्षा मूलद्रव्यांचा तक्ता काढा. ११८ पर्यंत नावं आहेत का? शेवटच्या चौघांना २०१६ मध्ये नावं मिळाली आणि सातवी ओळ भरली. मग किलोग्रॅम. पॅरिसजवळ ठेवलेला धातूचा ठोकळा म्हणजे किलोग्रॅम, एवढंच लिहिलं असेल तर ते पान मे २०१९ च्या आधीचं आहे. आता किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या संख्येवरून ठरतो. तिसरी जागा जिभेच्या नकाशाची. टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट असं रंगवलेलं चित्र दिसलं की पुस्तक मिटा. ते कधीच खरं नव्हतं.

प्रत्येक जुन्या आकड्यावरून मात्र पुस्तक नापास करू नका. शनीच्या चंद्रांचंच घ्या. मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ वाढले आणि संख्या २७४ झाली. एवढ्या वेगानं कोण छापणार? आकडा जुना असणं वेगळं आणि समज चुकीची असणं वेगळं.

५. आरोग्याचं पुस्तक: इथे घाई केलीत तर पस्तावाल

मी केली होती. वाचनालयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ‘किशोरवयीन आरोग्य’ छापाचा चार पुस्तकांचा संच घेतला. छपाई ताजी, चित्रं सुबक, लेखकाच्या नावापुढे पदव्या. मी अनुक्रमणिका पाहिली, आहाराचं प्रकरण चाळलं आणि पैसे दिले. दोन-अडीच महिन्यांनी आठवीतली एक मुलगी पुस्तक परत द्यायला आली आणि कपाटाशी घुटमळत राहिली. शेवटी म्हणाली, “काकू, अठ्ठावीस दिवसांचं जमत नसेल तर पुढे मूल होत नाही का?” पुस्तकात लिहिलं होतं की पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते आणि अनियमित पाळी हे आजाराचं लक्षण आहे. तिची एकदा छत्तीस दिवसांनी आली होती, एकदा एकेचाळीस. पाळी सुरू झाल्यावरची पहिली काही वर्षं २१ ते ४५ दिवसांचं अंतर सर्वसाधारण मानलं जातं. ते वाक्य पुस्तकात नव्हतं आणि मी ते पान उघडलंही नव्हतं. पोर दोन महिने एकटी घाबरून बसली होती.

तेव्हापासून मी अनुक्रमणिका वाचत नाही. मूल रात्री एकटं जे पान उघडणार, तेच दुकानात उभी राहून मी आधी उघडते.

पाळीच्या पानावर दोन गोष्टी बघा. अंतर एका आकड्यात दिलंय की मर्यादेत? आणि डॉक्टरांकडे कधी जायचं ते नेमकं सांगितलंय का? पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही, दोन पाळ्यांमध्ये तीन महिन्यांहून जास्त अंतर पडलं, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, असं काही. ‘काही शंका असल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ हे वाक्य म्हणजे लेखकानं हात झटकले.

मग मुलग्यांचं पान. बऱ्याच पुस्तकांत ते नसतंच. आवाज फुटतो, मिसरूड फुटते, संपलं. असलं तर शब्द तपासा. ‘स्वप्नदोष’ हा शब्द बघा. झोपेत वीर्य जाणं या वयात अगदी नेहमीचं आहे, पण आपण त्याच्या नावातच दोष घालून ठेवलाय. पोराला निकाल आधी कळतो, माहिती नंतर. चांगलं पुस्तक तो शब्द देतं आणि लगेच सांगतं की यात दोष काही नाही. वाईट पुस्तक त्याला ‘शक्तिपात’, ‘अशक्तपणा’ जोडतं. असं एक वाक्य जरी सापडलं तरी पुस्तक घेऊ नका. बाकीची दोनशे पानं सोन्याची असोत. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्व्यांवर असल्याच विषयांवर लिहिल्याबद्दल खटले झाले त्याला नव्वद वर्षं उलटून गेली, आणि आपले प्रकाशक अजून ‘योग्य वेळी वडीलधारे सांगतील’ असं छापतात. वडीलधारे सांगत नाहीत, म्हणून तर पोर वाचनालयात आलंय.

पिंपल्स. ‘रक्त अशुद्ध झाल्यानं येतात’ असं लिहिलं असेल तर लेखकानं आजीचं ऐकून लिहिलंय. त्वचेखालच्या तेलग्रंथी या वयात संप्रेरकांमुळे जास्त तेल सोडतात आणि छिद्रं बुजतात, एवढं साधं आहे ते.

वजन. मोठ्या माणसांचा बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा, तक्ता मुलांच्या पुस्तकात छापलेला असेल तर तिथल्या तिथे खाली ठेवा. वाढत्या वयात तो आकडा वय आणि मुलगा-मुलगी बघून वाढीच्या तक्त्यावर लावायचा असतो. थेट वाचला की नववीतली मुलगी रात्रीचं जेवण सोडते. हे मी आमच्याच इमारतीत पाहिलंय.

रक्तक्षय. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोह आणि फॉलिक अॅसिडची असते हे मुलांना कुणी सांगितलेलं नसतं. पुस्तक सांगतं का बघा. नुसतं ‘पालक खा’ पुरत नाही, पालकातलं लोह अंगी फारसं लागत नाही. जेवणावर लिंबू पिळा आणि जेवल्याजेवल्या चहा पिऊ नका, हे लिहिणारा लेखक मला आवडतो.

शेवटी दोन चाचण्या लेखक जुना आहे का ते ओळखायला. पोटातल्या अल्सरचं कारण फक्त तिखट आणि टेन्शन दिलंय? मार्शल आणि वॉरन यांनी त्यामागचा जिवाणू १९८२ मध्ये शोधला, २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एवढ्या काळात लेखकानं डोकं वर काढून पाहिलेलं नाही. आणि एचपीव्ही लशीचा उल्लेख आहे का? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची ही लस मुख्यतः ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी सुचवली जाते. आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली लस २०२३ मध्ये बाजारात आली. पुण्यातल्या मुलीनं ती पुस्तकात वाचू नये म्हणजे कमाल आहे. तसंच सर्दी-फ्लूवर अँटिबायोटिक सुचवणारं पुस्तक. सर्दी-फ्लू विषाणूंमुळे होतात आणि अँटिबायोटिक चालतं ते जिवाणूंवर. ज्या पुण्यात १९५२ पासून विषाणूंवर संशोधन चाललंय, तिथे तरी विषाणू आणि जिवाणू यांची सरमिसळ करणारं पुस्तक विकलं जाऊ नये.

हे सगळं उभ्याउभ्या पंधरा मिनिटांत होतं. दुकानदार बघतो तुमच्याकडे. बघू दे.

६. भाषा

सेमीची मुलं विज्ञान इंग्रजीतून शिकतात आणि शंका मराठीतून विचारतात. त्यांना ‘तंतुकणिका’ म्हणजे मायटोकॉन्ड्रिया हे माहीत नसतं. मागे दोन्ही शब्दांची सूची असलेलं पुस्तक घ्या. शुद्ध मराठीच्या हट्टापायी पोर अडखळत असेल, तर तो हट्ट आपल्यापाशी ठेवा.

७. द्यायचं कसं

हातात देऊन ‘वाच, चांगलं आहे’ म्हणालात की संपलं. घरात असेल तर टेबलावर पडू द्या. वाचनालयात असेल तर आरोग्याची पुस्तकं माझ्या खुर्चीमागच्या कपाटात नकोत, दाराजवळच्या खालच्या फळीवर हवीत. त्या फळीला मी रजिस्टर ठेवलेलं नाही. कमिटीत यावरून वाद झाला, पुस्तकं चोरीला जातील म्हणाले. वर्षाला दोनेक जातात. जाऊ देत.

सगळ्यांना खाकी कव्हर घाला, पाठ्यपुस्तकांना घालतो तसं, आणि पाठीवर फक्त नंबर लिहा. म्हणजे दप्तरातून नेताना कुणाला कळत नाही. दर मे महिन्यात कव्हरं बदलताना पानं उलटून बघा. कडेला पेन्सिलीनं ‘खरंच?’, ‘किती दिवस?’ असं लिहिलेलं सापडतं. ते खोडू नका. कागदावर उतरवून घ्या आणि पुढच्या खरेदीला जाताना पर्समध्ये ठेवा.