फ्लॅटमधल्या तिघी ‘येस’, आपण ‘नो’: सार्वमताच्या दिवसांत कसं राहायचं

दरवर्षी जून-जुलैत कुणाच्या ना कुणाच्या ओळखीने मुलं माझा नंबर मिळवतात. कुणी ग्लासगोला निघालेलं असतं, कुणी एडिनबराला. प्रश्न ठरलेले: कुकर न्यावा का, थर्मल तुळशीबागेतून घ्यावेत की तिकडे जाऊन, पार्टटाइम काम मिळतं का. परवा वैशाली हॉटेलात बसलो होतो, तेव्हा त्यातल्या एकीने वेगळंच काढलं. "ताई, तिकडे परत स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं सार्वमत झालं, आणि फ्लॅटमधल्या सगळ्यांचं एक नि माझं भलतंच असलं, तर काय करायचं? गप्प बसायचं?" मागवलेली एसपीडीपी (शेव बटाटा दही पुरी) येईपर्यंत जमेल तेवढं सांगितलं. उरलेलं इथे लिहितेय.

सप्टेंबर २०१४ मध्ये मी ग्लासगोत होते. एमएससीचा प्रबंध देऊन झाला होता, बॅगा भरायच्या बाकी होत्या आणि १८ तारखेला सार्वमत होतं. कागदावर प्रश्न एकच: स्कॉटलंड स्वतंत्र देश व्हावा का? फ्लॅटमध्ये आम्ही चौघी. तिघी ‘येस’, मी ‘नो’. देशभरात ‘नो’ला ५५.३ टक्के मतं पडली, म्हणजे म्हटलं तर मी बहुमतात. पण ग्लासगोत ‘येस’ला ५३.५ टक्के होती. बत्तीसपैकी ज्या चारच विभागांत ‘येस’ पुढे राहिलं, त्यातलं हे एक. आणि आमच्या ओट्यापाशी तर ‘येस’ पंचाहत्तर टक्के. तुम्ही अल्पमतात आहात की नाही हे रोज ज्यांच्याबरोबर भांडी घासता त्यांच्यावर ठरतं, हे आधी लक्षात घ्या.

‘तुझा काय संबंध?’

पहिला वार इथेच होतो, म्हणून याची तयारी आधी करा. भारतीय पासपोर्टवर तिथे राहणारा माणूस कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून मतदार होऊ शकतो. २०१४ मध्ये हक्क जन्मावर नव्हता, राहण्यावर होता. लंडनला स्थायिक झालेल्या स्कॉटिश माणसाला मत नव्हतं, कोथरूडहून वर्षभरासाठी आलेल्या मला होतं. सोळा वर्षांच्या मुलांनाही होतं. नाव नोंदवायची शेवटची तारीख २ सप्टेंबर होती आणि ती हुकवलेली भारतीय मुलं मी पाहिली आहेत. नंतर हळहळत बसली. तेव्हा मत बनायच्या आधी नोंदणी करून टाका.

आता कुणी म्हणालं, "तू तर महिन्याभरात परत जाणार, भोगायचं आम्ही," तर चिडू नका. हा आक्षेप खरा आहे. माझ्याकडे तर ‘मी कर भरते’ हे वाक्यही नव्हतं, कारण तिथे पूर्णवेळ विद्यार्थ्यांना कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा) माफ असतो. मी एवढंच म्हणाले की मतदार कोण हे तुमच्याच संसदेने ठरवलंय. मला विचारलंय, तर विचार करून उत्तर देते. काही मुलांनी याच कारणासाठी मत दिलं नाही. तेही मला मान्य आहे, फक्त त्यांनी नंतर निकालावर व्याख्यानं द्यायला नको होती.

कारण एकच घ्या, आणि स्वतःचं घ्या

लोक इथेच फसतात. वेगळं मत आहे म्हटल्यावर माणूस दहा कारणं गोळा करतो: तेलाचे भाव, राणी, सैन्य, युरोप, पेन्शन. समोर तिघी असतील तर त्या तुमच्या दहातलं सगळ्यात लंगडं कारण उचलतात आणि रात्रभर त्यावरच बसतात. पुण्यात ज्याने एकदा तरी टेकडीवर फिरायला जाणाऱ्या काकांच्या ग्रुपशी वाद घातला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

माझं कारण चलन होतं. स्कॉटिश सरकारने नोव्हेंबर २०१३ मध्ये सहाशेहून जास्त पानांची श्वेतपत्रिका काढली होती. तिच्यात म्हटलं होतं की स्वतंत्र झालो तरी पाउंड वापरू, उरलेल्या ब्रिटनबरोबर चलनसंघ करू. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न एडिनबराला येऊन सांगून गेले की असा संघ होणार नाही. लेबर आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षांनीही तेच म्हटलं. ५ ऑगस्टला टीव्हीवर ‘येस’चे नेते ॲलेक्स सामंड आणि ‘नो’चे नेते ॲलिस्टर डार्लिंग यांचा वाद झाला. डार्लिंग पुन्हा पुन्हा विचारत होते: पाउंड नाही मिळाला तर दुसरा बेत काय? मला पटेल असं उत्तर त्या रात्री आलं नाही. व्याजदर दुसऱ्या देशाची बँक ठरवणार असेल तर ते कसलं स्वातंत्र्य, हा माझा मुद्दा. तो मी चार ओळींत वहीत लिहून ठेवला होता. तुम्हीही लिहा. चार ओळींत मावत नसेल तर मत अजून पिकलेलं नाही, थोडं थांबा.

आणि लिहिताना वर तारीख घाला. त्या वेळी बरेच जण युरोपीय संघात राहता यावं म्हणून ‘नो’कडे वळले होते. जून २०१६ मध्ये ब्रेक्झिटचं मतदान झालं, स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के लोकांनी संघात राहायला कौल दिला आणि तरी स्कॉटलंडला बाहेर पडावं लागलं. तेव्हा जुन्या फ्लॅटमेटचा मेसेज आला: "आता काय म्हणतेस?" मी वहीतल्या ओळींचा फोटो पाठवला. माझ्या ओळींत युरोप नव्हता, पाउंड होता. ती म्हणाली, ठीक, पण आज मत द्यायचं असतं तर? तो वेगळा प्रश्न होता, आणि त्यावर आम्ही तासभर चांगलं बोललो. तारीख नसती तर ते बोलणं ‘बघ, मी म्हणत नव्हते?’वरच संपलं असतं.

पुण्याहून येणारे फोन

तिकडचे लोक परवडले. खरी पंचाईत घरच्यांची होते. माझ्या काकांनी फोनवर विचारलं, "अगं, टिळकांच्या गावची तू, आणि स्वराज्याच्या विरोधात मत देणार?" मागून काकूंचा आवाज, "तिला जेवलीस का ते विचारा आधी."

भारतीय माणूस म्हणजे ‘येस’ असणारच, असं ग्लासगोतही गृहीत धरतात आणि सदाशिव पेठेतही. याला उत्तर इतिहासातूनच द्यावं लागतं, म्हणून थोडा वाचून जा. स्कॉटलंड ही इंग्लंडची वसाहत नव्हती. १७०७ मध्ये दोन संसदांनी कायदे करून संघ केला. त्या कराराला तेव्हाही स्कॉटलंडमध्ये पुष्कळ विरोध होता हे खरं. पण पुढे साम्राज्य चालवण्यात स्कॉटिश माणसं आघाडीवर होती. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा रेसिडेंट (प्रतिनिधी) माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ज्याच्या वेळी ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, तो जन्मला डंबार्टनला. ग्लासगोपासून लोकलने जाता येतं असं गाव. (गंमत म्हणजे २०१४ मध्ये डंबार्टन ज्या विभागात येतं तिथे ‘येस’ला बहुमत मिळालं.) काकांना मी म्हटलं, शनिवारवाडा घेणाऱ्यांच्या गावाला आणि आपल्याला एकाच मापाने कसं मोजायचं? काका म्हणाले, "हे बरं शोधून काढलंस." पटलं नाही, पण त्या दिवसापासून टिळक मध्ये आणले नाहीत.

टिळकच काढायचे तर आगरकरही काढावे लागतात. दोघं डेक्कन कॉलेजपासूनचे मित्र, दोघांनी मिळून शाळा काढली, केसरी काढला, १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढले. राजकीय स्वातंत्र्य आधी की समाजसुधारणा आधी, यावर फाटलं. आगरकरांनी केसरी सोडला, १८८८ मध्ये सुधारक काढला, आणि याच पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. फर्ग्युसनमध्ये ते शिकवत राहिले, पुढे प्राचार्य झाले. मला त्यात महत्त्वाचं हे वाटतं की त्यांनी गाव सोडलं नाही. आपल्याला प्रेतयात्रा सोसायची नसते, फार तर ग्रुपवर दोन टोमणे. तेव्हा ग्रुप सोडू नका, जेवणाच्या टेबलावरून उठू नका, दार आपटू नका.

रोजचं वागणं

ऑगस्टच्या शेवटी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत निळं ‘येस’ लागलं. माझ्या डोक्यात हजार गोष्टी आल्या. खिडकी सगळ्यांची आहे, मला विचारलं नाही, वगैरे. शेवटी संध्याकाळी भात लावताना नुसतं म्हटलं, "सामायिक खिडकीत एक तर दोन्ही असू देत, नाही तर काहीच नको." फ्लॅटमधली डंडी शहरातली मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती कुठूनतरी ‘नो थँक्स’चं स्टिकर घेऊन आली आणि तिनेच ते लावलं: तिरकं, खालच्या कोपऱ्यात, बेसिनमागे, जिथे साबणाचं पाणी उडतं तिथे. मी सरळ करायला गेले नाही. तुम्हीही असली तिरकी स्टिकरं सरळ करायला जाऊ नका.

बाकीचं थोडक्यात. मत एकदा स्पष्ट सांगा, मग कुणी विचारेपर्यंत पुन्हा सांगू नका. ‘मला दोन्ही बाजू पटतात’ असं खोटं बोलू नका. ते लगेच कळतं आणि मग तुमच्यापुढे कुणी मोकळं बोलत नाही. रात्री दहानंतर आणि दारू पोटात असताना वाद नाही. ७ सप्टेंबरला एका चाचणीत ‘येस’ पहिल्यांदा ५१ टक्क्यांवर गेलं, त्या दिवशी घरात केक आला होता. मी खाल्ला. चांगला होता. समोरच्याच्या आनंदात केक खाल्ल्याने मत बदलत नाही.

एक मात्र करा. त्यांच्या सभेला एकदा जा. ग्लासगोतल्या बुकॅनन स्ट्रीटच्या पायऱ्यांवर झेंडे घेऊन जमलेली गर्दी मी फ्लॅटमधल्या मुलींबरोबर जाऊन पाहिली. तिथे जन्मात कधी मत न दिलेले लोक पहिल्यांदाच नाव नोंदवल्याचं सांगत होते. शेवटी मतदान ८४.६ टक्के झालं ते असल्याच लोकांमुळे. ते पाहिल्यावर ‘हे सगळे भावनेच्या भरात वाहवलेत’ असं म्हणायची माझी तरी हिंमत झाली नाही. मत तेच राहिलं, बोलायची पट्टी खाली आली.

मतदानाचा दिवस आणि नंतरची सकाळ

मतदान सकाळी सात ते रात्री दहा. बोटाला शाई लावत नाहीत, यंत्र नसतं. कागद आणि आडोशाला दोरीने बांधलेली पेन्सिल. फुली मारायची, घडी घालायची, पेटीत टाकायची. बोट कोरं असल्यामुळे तुम्ही गेलात की नाही हेसुद्धा नुसतं बघून कुणाला कळत नाही. घरातून एकत्र निघालात तरी हरकत नाही. आम्ही चौघी एकत्रच गेलो आणि येताना चिप्स घेतले.

१९ तारखेच्या सकाळी सहाच्या सुमारास निकाल स्पष्ट झाला. डंडीची मुलगी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडत होती. अल्पमतात असलेला माणूस अचानक जिंकला तर काय करायचं, हे कुणी शिकवत नाही. काय करायचं नाही ते सांगते: ‘लोकशाहीत असं असतंच’ म्हणू नका. ‘पुढच्या वेळी’ तर अजिबात नको. मी चहा केला, आल्याचा, आणि तिच्या शेजारी बसले. बोलायला माझ्याकडे काही नव्हतं आणि तिलाही ऐकायचं नव्हतं.

त्याच संध्याकाळी ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअर चौकात युनियन जॅक घेऊन आलेल्या जमावाने ‘येस’वाल्यांना धमकावलं, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ती माणसं माझ्याच बाजूची होती. अशा वेळी ‘ते वेगळे, मी वेगळी’ एवढं म्हणून सुटता येत नाही. मी घरातल्या मुलींना सांगितलं की हे वाईट झालं, आणि त्या रात्री कुणी एकटीने त्या बाजूला जायचं नाही असं ठरवलं. आपल्या बाजूच्या लोकांना नावं ठेवण्याचं काम आपणच आधी केलं तर घरात राहणं पुष्कळ सोपं होतं.

कधी गप्प बसायचं

वर म्हटलं ते सगळं बरोबरीच्या मैत्रिणींत. सगळीकडे ते चालत नाही. फेब्रुवारी १९४८ मध्ये जुनागडच्या सार्वमतात भारताच्या बाजूने १ लाख ९० हजारांवर मतं पडली आणि पाकिस्तानच्या बाजूने ९१. मार्च २०१३ मध्ये फॉकलंड बेटांवर ब्रिटनबरोबर राहण्याच्या बाजूने १५१३ मतं होती, विरोधात ३. सगळे सगळ्यांना ओळखतात अशा जागी त्या तिघांनी शेजाऱ्यांना सांगत फिरायला हवं होतं, असं मी मुळीच म्हणणार नाही. गुप्त मतदान त्यांच्यासाठीच असतं.

तुमच्यावर ज्याची सत्ता चालते त्याच्यापुढे मत मांडायची सक्ती नाही: घरमालक, जिथे काम करता तिथला मॅनेजर, मार्क देणारे प्राध्यापक. विचारलंच तर ‘अजून वाचतेय’ म्हणावं. हे खोटंही नसतं. माझ्या गाइड कट्टर कुठल्या बाजूच्या होत्या ते त्यांच्या केबिनच्या दारावरूनच कळायचं. प्रबंधाचे मार्क लागेपर्यंत मी त्या विषयावर त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही, आणि मार्क लागल्यावर त्यांनीच विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.