३ जानेवारीचं भाषण: पोरीकडून कसं बसवून घ्यायचं

डिसेंबर संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. "बाई, सावित्रीबाईंवर एक छोटंसं भाषण पाठवा ना, पोरीला परवा बोलायचंय." सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी एकतीस वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन आता पाच वर्षं झाली, पण हा फोन काही निवृत्त होत नाही. आयतं भाषण मी कुणालाच पाठवत नाही. ते बसवायचं कसं, हे मात्र सांगते.

आधी वेळेचं बघू. शाळेत तीन मिनिटं मिळतात, कारण मागं वीस जण रांगेत असतात आणि शेवटी पाहुण्यांचं भाषण असतं, त्याला मर्यादा नसते. तीन मिनिटं म्हणजे तीनशे शब्दांच्या आत. एवढ्यात जन्म, लग्न, शाळा, काव्यसंग्रह, सत्यशोधक समाज, प्लेग आणि मृत्यू हे सगळं कोंबायला गेलात तर आगगाडीच्या स्टेशनांची यादी होते. दहा पोरी तीच यादी म्हणतात आणि समोरची पोरं एकमेकांच्या पाठीवर पेन्सिल टोचत बसतात.

म्हणून एकच प्रसंग धरायचा. बाकीचं आयुष्य सोडून द्यायचं, अगदी मन घट्ट करून. "जन्म ३ जानेवारी १८३१, नायगाव, वडील खंडोजी नेवसे पाटील" एवढं सूत्रसंचालन करणारी मुलगी सांगतेच. आपल्या पोरीनं ते परत कशाला सांगायचं?

प्रसंग निवडताना पोरीची इयत्ता बघा. पहिली-दुसरीतल्या पोरीला प्रसंगसुद्धा नको, कविता द्या. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली निघाला, तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या. त्यात शिक्षणावर आहेच, पण पिवळ्या चाफ्यावर आणि जाईच्या फुलावरही कविता आहेत. लहान पोरगी हातात खरं फूल घेऊन उभी राहते आणि चार ओळी म्हणते, बास. ते फूल हातात असलं की तिचे हातही नीट राहतात, फ्रॉकचं टोक चावत बसत नाही.

तिसरी-चौथीला प्लेगचा प्रसंग चांगला. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाईंचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर, त्याचा दवाखाना हडपसरजवळ माळावर. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग नावाचा मुलगा आजारी पडला, त्याला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्या तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. तीच लागण त्यांना झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. चौथीच्या पोरीला "तुझी आजी केवढी आहे? ती तुला पाठीवर घेऊन किती चालेल?" एवढंच विचारा. भाषण ती स्वतःच बोलायला लागते.

सहावीच्या पुढं मात्र पत्रं घ्या, माझा सगळा जोर त्यावरच आहे. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं उपलब्ध आहेत: १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. मा. गो. माळींनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मया'त ती आहेत. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाचं प्रकाशन आहे, तालुक्याच्या वाचनालयात विचारा. इंटरनेटवरून "सावित्रीबाईंचे विचार" उतरवून घेण्याआधी हे पुस्तक एकदा उघडा. फुलांच्या चौकटीत त्यांच्या नावावर काय काय फिरतं, ते बघून मला घाम फुटतो.

पहिलं पत्र १० ऑक्टोबर १८५६ चं. आजारपणातून उठून त्या माहेरी, नायगावला राहिल्या होत्या. तिथं भाऊ त्यांना सुनवतो की तू आणि तुझा नवरा वाळीत पडलेले, महार-मांगांसाठी जे करता ते कुळाला बट्टा लावणारं, भट सांगतात तसं वागा. त्यावर त्या भावाला म्हणतात, तू शेळीला, गाईला कुरवाळतोस, नागपंचमीला नागाला दूध पाजतोस आणि तुझ्यासारख्याच माणसांना शिवत नाहीस, याचं कारण काय? आठवी-नववीच्या पोरीला हे पत्र द्या. बहीण-भावाचं भांडण तिला शिकवावं लागत नाही, ते रोज घरात चालू असतं. याच पत्रात त्यांच्यासोबत शाळेत शिकवणाऱ्या फातिमाचा (फातिमा शेख) उल्लेख आहे: आपण नसल्यानं तिच्यावर कामाचा ताण पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. फातिमाबद्दल सांगायचं तर हे एवढं वाक्य पुष्कळ आहे. त्यापुढं कल्पनेनं वाढवत बसू नका.

तिसरं पत्र २० एप्रिल १८७७ चं, जुन्नर भागातल्या ओतूरहून, दुष्काळातलं. पोरांना ते जरा जड जातं, माणसं फार आहेत त्यात. दहावीच्या मुलीला झेपेल.

माझं आवडतं मधलं, २९ ऑगस्ट १८६८ चं. पुन्हा नायगावच. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण गावोगाव पंचांग सांगत फिरायचा. त्याचं आणि सारजा नावाच्या महार मुलीचं प्रेम जमलं, तिला सहावा महिना होता. गावकऱ्यांनी दोघांना धरलं, गावातून मारत मिरवत चालवलं, ठार मारायच्या बेतानं. सावित्रीबाईंना कळताच त्या धावत गेल्या. इंग्रज सरकारचा कायदा काय करेल याची भीती घातली. लोक मागं सरले, पण दोघांनी गाव सोडावं असं ठरलं. सावित्रीबाईंनी त्यांना पुण्याला जोतीरावांकडं पाठवून दिलं. ते पत्र त्या दोघांबद्दलच आहे.

सातवीतल्या एका मुलीला मी हे दिलं होतं. आता ते तिच्याकडून कसं बसवून घेतलं ते सांगते, कारण पद्धत हीच वापरायची आहे.

पहिल्या दिवशी तिला काही लिहू दिलं नाही. मी पत्र मोठ्यानं वाचलं, जुनी मराठी अडली तिथं थांबून अर्थ सांगितला. मग पुस्तक मिटलं. "घरी जाऊन रात्री आजीला सांग," म्हटलं. "तुझ्या बोलीत सांग. आजी मध्येच काय विचारते ते मात्र लक्षात ठेव."

दुसऱ्या दिवशी ती आली. आजीनं दोन प्रश्न विचारले होते. एक, "बाईमाणूस एकटी तिथं गेली कशी?" आणि दुसरा, "मग त्या पोरीचं पुढं काय झालं?"

हे दोन प्रश्नच भाषण आहे. पहिल्याचं उत्तर पत्रात शोधायला लावलं. त्या पाटलाच्या लेक होत्या, गाव त्यांचं माहेर होतं, तरी त्यांनी गावकीचा आधार घेतला नाही, कायद्याचा घेतला. हे पोरीनं स्वतः शोधलं. "बाई, म्हणजे त्यांनी पोलिसांची भीती घातली, होय ना?" होय, जवळजवळ तेच. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पत्रात पुण्यापर्यंतच आहे. मी म्हटलं, तू पण तिथपर्यंतच सांग. पुढं लग्न लावून दिलं, बाळ झालं, शाळेत गेलं, असलं काही जोडायचं नाही. तिनं शेवट असा केला: "त्या दोघांना त्यांनी पुण्याला पाठवलं. पुढचं माझ्या आजीनं मला विचारलं, मला सांगता आलं नाही." आणि खाली उतरली. टाळ्या वाजायला जरा उशीर झाला, तेवढा वेळ मैदान गप्प होतं.

तर क्रम असा: आपण वाचायचं, पोरीनं घरी सांगायचं, प्रश्न आणायचे, मगच कागद. कागदावरही तिचेच शब्द. ती "पळत गेल्या" म्हणाली असेल तर "त्वरेने धाव घेतली" करू नका. आपण मोठी माणसं ते वाक्य सुधारतो आणि ऐन वेळी पोरीला नेमकं तेच आठवत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीची "अज्ञानाच्या अंधःकारात खितपत पडलेल्या" इथं गाडी अडली होती. तीनदा "अज्ञानाच्या, अज्ञानाच्या" म्हणाली आणि रडत खाली आली. ते वाक्य माझं होतं. सेवेतलं तिसरं वर्ष होतं, मला अशी वाक्यं फार आवडायची.

सुरुवातीचा "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो" हा पट्टा पूर्ण काढला तर मुख्याध्यापक नाराज होतात, अनुभव आहे. "सर्वांना नमस्कार" एवढ्यावर तडजोड करा आणि लगेच प्रसंगात शिरा: "१८६८ सालचा ऑगस्ट महिना. नायगावात दोन माणसांना मारत चालवलं होतं." पहिल्याच वाक्यात माणसं दिसली पाहिजेत. क्रांतिज्योती, ज्ञानज्योती, विद्येची खरी देवता ही विशेषणं फलकावर लिहिलेली असतात, भाषणात नकोत. देवता म्हटलं की पोरगी हात जोडते आणि विचारायचं थांबते. "मी सावित्री बोलतेय" हा एकपात्री प्रकारही मला पटत नाही. त्यांनी स्वतः लिहिलेलं आपल्याकडं असताना त्यांच्या तोंडी आपली वाक्यं का घालायची?

तारखांबद्दल एक नियम: पुस्तकं जिथं आपसात भांडतात तिथं पोरीला उभं करायचं नाही. भिडेवाड्यातली शाळा १ जानेवारी १८४८ ला निघाली की ऑगस्टमध्ये, यावर वाद आहे. "१८४८ साली, बुधवार पेठेत" म्हणा, दोन्ही बाजूंचे लोक मान हलवतील. "भारतातली मुलींची पहिली शाळा" हेही जपून. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा आधीपासून होत्या. अहमदनगरची मिस फरार यांची शाळा जोतीरावांनी स्वतः पाहिली होती, त्यातूनच त्यांनी मनावर घेतलं. पुण्यातल्या एका माळ्याच्या घरातल्या सतरा वर्षांच्या सुनेनं शिकवायला सुरुवात केली आणि त्यापायी वर्षभरात नवरा-बायकोला सासऱ्यांचं घर सोडावं लागलं, हे 'पहिली'पेक्षा कमी आहे का? भिडेवाडा बघायला पोरांना घेऊन जाऊ म्हणाल तर ती जुनी इमारत आता नाही, डिसेंबर २०२३ मध्ये पाडली, तिथं स्मारक ठरलं आहे. त्यापेक्षा गंज पेठेतला फुले वाडा दाखवा. अंगणातली विहीर बघून पोरं बरोबर प्रश्न विचारतात.

आणि शेण. नाटिका बसवणार असाल तर शेणाचा प्रसंग येतोच, तो सगळ्यांना पाठ असतो. मी एकदा बसवला होता. शेणाच्या जागी ओल्या मातीचे गोळे, फेकायला तिसरीची चार पोरं. तालमीत गोळे लांब पडत होते. कार्यक्रमाच्या दिवशी पालक समोर बसलेले, पोरांना चेव चढला, एक गोळा सावित्री झालेल्या मुलीच्या कानावर बसला. ती तशीच उभी राहिली, पण ओठ थरथरायला लागले, आणि समोर हशा पिकला. हसणाऱ्यांत मोठी माणसं होती. तेव्हापासून फेकणं मी कधी दाखवलं नाही. दाखवायचंच असेल तर पिशवीतून दुसरं लुगडं काढून घडी मोडणारी बाई दाखवा. शाळेत पोचल्यावर त्या लुगडं बदलायच्या, ते बदलणंच पुरेसं आहे.

मोठ्या मुलींची जोडी असेल तर एकीला सावित्रीबाई आणि दुसरीला मुक्ता साळवे द्या. मुक्ता त्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी. चौदा वर्षांची असताना तिनं महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात दोन भागांत छापून आला. शिक्षिका कशी होती हे विद्यार्थिनीच्या वहीवरून कळतं, हे मी शिक्षिका म्हणून सांगते, आणि जरा घाबरतच सांगते.

तालीम तीनच वेळा घ्या. एकदा घरात, एकदा शेजाऱ्यांसमोर, एकदा मैदानात उभं करून. दहा वेळा घेतली की पाठांतर होतं आणि चेहरा जातो. कागद हातात राहू द्या, त्यावर फक्त तीन-चार शब्द मोठ्या अक्षरात: पंचांग, सारजा, कायदा, पुणे. विसरली तर खाली बघेल आणि पुढं जाईल. माइकची उंची सकाळी कुणीही बघत नाही, पाहुण्यांच्या मापानं लावलेला असतो. स्टूल आधीच हेरून ठेवा.

आणि नऊवारी नेसवणारच असाल तर स्वेटर आतून घाला. आमच्याकडं जानेवारीत सकाळी आठला मैदानावर दात वाजतात. वरून स्वेटर घातला की पोरी फोटोसाठी तो काढतात, आणि ५ तारखेला निम्मा वर्ग तापानं घरी असतो.