चित्रातली कोळंबी आणि ताटलीतलं सुंगट

संधिपाद प्राण्यांचा धडा आला की पुस्तकातलं चित्र दाखवून नावं पाठ करून घेतली जातात. आमच्या मते चित्र पाठ करायला नसतं, ताडून पाहायला असतं, आणि गोव्यात त्याला सुंगटासारखं, म्हणजे समुद्रातल्या कोळंबीसारखं, साधन नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणून हा तास ऑगस्टनंतर ठेवा.

चार मुलांमागे एक सुंगट पुरे. डोक्यासकट, १२ ते १५ सेंमी लांबीचं घ्या. त्याहून बारीक असेल तर तोंडाजवळचे अवयव सुटे होत नाहीत. बर्फात ठेवून कच्चंच आणा.

चित्रातली नावं आधीच कागदी पट्ट्यांनी झाकून ठेवा. एक बाजू शाबूत ठेवून दुसऱ्या बाजूचे अवयव चिमट्याने काढायचे, शेपटीकडून डोक्याकडे. पाय अगदी बुडाशी धरावा. मध्येच धरून ओढला की सांध्यात तुटतो आणि सगळा हिशेब चुकतो. काळ्या कार्डशीटवर ओळीने मांडले की जोड्या अशा भराव्यात: पुच्छपाद (शेपटीच्या टोकाचे पंख्यासारखे) १, पोहण्याचे पाय ५, चालण्याचे ५, जबड्याचे पाय ३, डोक्यावरचे ५. एकूण १९. आकडा कमी आला तर शाबूत बाजू पाहा; बहुधा डोक्यावरच्या पातळ पापुद्र्यासारख्या जोड्या एकमेकींना चिकटून निघालेल्या असतात.

आता चित्रावरच्या कागदी पट्ट्या काढा. इथे मुलं अडखळतात, आणि तासातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. पुष्कळ पुस्तकांत गोड्या पाण्यातली कोळंबी असते: तिच्या चालण्याच्या पहिल्या दोन जोड्यांना नांग्या, त्यांत दुसरी जोडी लांब. समुद्रातल्या सुंगटाला पहिल्या तीन जोड्यांना बारीक नांग्या असतात. पोटाच्या बाजूच्या कवचाच्या पट्ट्याही पाहायला लावा. गोड्या पाण्यातलीची दुसरी पट्टी पहिलीवर आणि तिसरीवर दोन्हींवर चढलेली असते. सुंगटाच्या पट्ट्या कौलांसारख्या, पुढची मागचीवर. पुस्तक चुकलेलं नाही, कुळं वेगळी आहेत, हे मुलांनाच शोधू द्या. चालण्याचे दहा पाय दोघांनाही, म्हणून दोन्ही दशपाद.

वहीतली आकृती समोरच्या सुंगटावरून काढून घ्या आणि शेजारी खरी लांबी लिहायला सांगा. पुस्तकात अमिबा आणि हत्ती एकाच मापाचे छापलेले असतात, म्हणून ही सवय हवीच.

कोळंबीची ॲलर्जी असलेल्या मुलाला हात लावू देऊ नका; त्याने मोजणीची नोंद ठेवावी. कपाळावरचा काटा टोचतो, तो आधीच कात्रीने कापून टाका.